तबल्याची किंमत आणि तबल्याचे मोल

शाळेच्या गायनवर्गासाठी किंवा गावच्या भजनी मंडळासाठी तबला-डग्गा घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न येतो तो पैशांचा. वर्गणी जमलेली असते. मुंबईला नोकरीस असलेला एखादा गावकरी चार पैसे जास्त घालायला तयार असतो. मंडळी दुकानात जातात आणि तिथे गोंधळतात. एक जोडी चार-पाच हजारांना, आणि तिच्याच शेजारी ठेवलेली दुसरी वीस-पंचवीस हजारांना! दोन्ही गोल, दोन्हींवर काळी शाई, दोन्हींना वाद्या आणि गट्टे. मग हे अंतर कशाचे? आणि महाग ती चांगली, असे डोळे मिटून मानावे काय?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी तबला उलगडून पाहिला पाहिजे. तुमच्या घरी किंवा शाळेत तबला असेल तर तो समोर घेऊनच हे वाचा.

तबल्याचे तीन मुख्य भाग. लाकडाचे खोड, त्यावर ओढून बसवलेली कातड्याची पुडी, आणि पुडीच्या मध्यावरची शाई. जोडीचा डग्गा धातूचा असतो, बाकी रचना तशीच. फरक इतकाच, की तबल्याची शाई मधोमध असते आणि डग्ग्याची एका बाजूला सरकलेली.

आधी खोड. चांगले खोड शिसव, खैर, बाभूळ अशा जड आणि मुरलेल्या लाकडाचे असते. ते आरपार पोखरलेले नसते. वरून पोकळ आणि बुडाशी भरीव असते. त्यामुळे तबला जमिनीवर घट्ट बसतो, थापेसरशी हलत नाही. ओल्या लाकडाचे खोड वर्ष-दोन वर्षांत तडकते. मग दुकानदार लाखेने किंवा लांबीने चीर बुजवतो आणि वर रंग देतो. म्हणून खोडावर जाड, चकचकीत रंग दिसला, की आत काय झाकले आहे, अशी शंका घ्यावी.

डग्ग्याचेही असेच. जाड पत्र्याचा तांब्याचा किंवा पितळेचा डग्गा वजनदार असतो, मांडीजवळ स्थिर राहतो, लहानसहान धक्क्याने चेपत नाही. तांबे वजनावर विकले जाते, तेव्हा इथे जास्त पैसे पडतात ते खरोखरीच मालाचे पडतात. मात्र त्यावरचा चांदीसारखा मुलामा आणि वेलबुट्टी यांचे पैसे वेगळे असतात, आणि मुलाम्यातून नाद निघत नाही.

आता पुडी आणि शाई. तबल्याचा जीव तिथे आहे. पुडी शेळी-बोकडाच्या कातड्याची. तिच्या कडेला कातड्याचे दुसरे कडे असते, त्याला चाट म्हणतात. भोवती वादीचा गुंफलेला गजरा; त्या गजऱ्याला सोळा घरे. त्या घरांतून वादी खाली ओढतात आणि तिच्याखाली आठ लाकडी गट्टे सारतात. शाईसाठी लोखंडाचे बारीक चूर्ण आणि भाताची किंवा कणकेची खळ यांचा लगदा करतात. त्याचा एक थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग त्याहून लहान दुसरा थर, पुन्हा घोटायचा. असे थरावर थर चढत जातात. मध्ये जाड, कडेला पातळ. घोटताना शाईला बारीक, सारख्या भेगांची जाळी पडते. ती जाळी दोष नव्हे. तिच्यामुळेच शाई कातड्याबरोबर मोकळेपणाने हलते.

या शाईचे रहस्य एका थोर शास्त्रज्ञाने उकलले. ते म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी, १९२० साली, त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर भारतीय चर्मवाद्यांवर ‘नेचर’ या नियतकालिकात टिपण लिहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९३४ साली त्यांनी त्याच विषयावर मोठा निबंध प्रसिद्ध केला.

त्यांचे म्हणणे सोपे करून सांगतो; शिक्षकांनी ते वर्गात जरूर सांगावे. तंबोऱ्याची तार छेडली, की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही उमटतात. ते एकमेकांशी जुळतात, म्हणून तार गोड वाटते. साध्या ताणलेल्या कातड्याचे तसे नाही. त्याचे वरचे स्वर मुळाच्या सुमारे १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. म्हणून साध्या ढोलाचा आवाज मोठा असला, तरी त्यात नेमका स्वर सापडत नाही. शाईच्या वजनाने हे वरचे स्वर सरकतात आणि पाच सुरेल स्वरांच्या मालिकेत येऊन बसतात. थोडक्यात, शाईने कातड्याला तारेचा गुण दिला. कोणतीही प्रयोगशाळा नसताना आपल्या कारागिरांनी केवळ कानाच्या भरवशावर हे साधले.

यातून खरेदीसाठी काय बोध घ्यायचा? हाच, की तबल्याचा गोडवा मुख्यतः पुडी आणि शाई भरणाऱ्या हातात आहे. आणि आता गंमत पाहा. खोड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण पुडी झिजते, फाटते, शाई सुटते. रोजच्या वापरात ती बदलावीच लागते. म्हणजे पंचवीस हजारांच्या तबल्यावर आणि आठ हजारांच्या तबल्यावर पुढे तालुक्याच्या गावचा तोच कारागीर, तशीच पुडी चढवणार! मग महागड्या जोडीचे शेवटी काय उरते? खोड आणि धातू. ती उत्तम असतील तर पैसे सार्थकी लागले. नुसता रंग आणि मुलामा असेल, तर पहिल्या पुडीबरोबरच ते गेले.

आमच्या भजनी मंडळाने एकदा ही चूक केली, आणि त्या मंडळींत मीही होतो. वर्गणीत पैसे बरे जमले होते. दुकानातली सर्वांत झळाळती जोडी आम्ही उचलली. तबला होता काळी एक पट्टीचा आणि आमचे बुवा गाणार पांढरी चारमध्ये. षड्जातच तबला हवा, असा बुवांचा हट्ट. गट्टे ठोकून, वाद्या ताणून आम्ही तो चार स्वर वर चढवायला निघालो. सप्ताहाच्या दुसऱ्याच रात्री पुडी गजऱ्याजवळ फाटली. उरलेला सप्ताह शेजारच्या गावाहून मागून आणलेल्या तबल्यावर निघाला. खरे म्हणजे पांढरी चारचा पंचम पांढरी एक. आमचा तबला अर्धा स्वर उतरवला असता, तरी पंचमात सुरेख बोलला असता! पण आम्ही किंमत विचारली, पट्टी विचारली नाही.

म्हणून जाण्याआधी आपण कोणत्या पट्टीत गातो ते पेटीवर पाहून ठेवा. तोंड लहान तितका स्वर चढा. साधारण साडेपाच इंच तोंडाचा तबला काळी एकच्या आसपास बोलतो. दुकानात या गोष्टी पाहा. चाटेवर बोट मारून ‘ना’ काढा आणि तबला फिरवत सर्व बाजूंनी तोच स्वर येतो का ऐका. आवाज लगेच मरतो की थोडा वेळ आस राहते, ते पाहा. झरझर आली तर शाई सैल आहे. तबला उचलून वजन अजमावा. आणि दुकानदाराला सरळ विचारा, “पुडी गेली तर कोण बदलून देणार, किती दिवसांत, किती पैशांत?” या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही, तर जोडी कितीही देखणी असो, उठून यावे.

मग माझा सल्ला काय? अगदी स्वस्त जोडी घेऊ नये. तिचे लाकूड हलके आणि पत्रा पातळ असतो. ती सुरात राहत नाही, आणि शिकणाऱ्या मुलाचा कान बिघडतो. हे नुकसान पैशांत मोजता येत नाही. तिथून मधल्या किमतीपर्यंत जो फरक आहे, तो खरा फरक आहे, कानाला कळतो. त्यापुढे मात्र, आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात सांगतो त्याप्रमाणे, प्रत्येक वाढीव रुपयामागे मिळणारा लाभ घटत जातो. रोज चार तास रियाज करणारा, मैफलीत साथ करणारा वादक तो बारीक फरक ओळखतो; त्याने तो पैसा जरूर घालावा. शाळेने आणि मंडळाने मधल्या किमतीची, जड खोडाची जोडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून दुसरी पुडी करवून ठेवावी. देवळाच्या माळ्यावर एखादे जुने शिसवी खोड पडलेले असेल, तर आधी ते कारागिराला दाखवा. त्याला कीड आणि चीर नसेल, तर नव्या पुडीच्या खर्चात तुम्हाला उत्तम तबला मिळेल.

घेतल्यावर त्याला जपा. घामेजलेला हात शाईवर टेकू नका. हाताला थोडे शंखजिरे लावा. पावसाळ्यात कातडे ओल धरते आणि स्वर उतरतो, तेव्हा लगेच हातोडी घेऊन धावू नका. कोरड्या जागी गादीवर ठेवून वर कापड झाका. उन्हात मात्र ठेवू नका. आणि वर्षातून एकदा कारागिराकडे जोडी घेऊन जा. तो आहे तोवर तुमचा तबला बोलत राहील. हातचे काम मिळाले तरच तोही टिकेल.