काळी बिअर आणि चॉकलेटचा केक

तापीच्या खोऱ्यांतील मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वींचें एदलाबाद, हें गांव संत मुक्ताबाईंच्या नांवानें ओळखलें जातें. मुक्ताईचें नांव निघालें कीं मराठी घरांत मांड्यांची कथा आठवल्याशिवाय राहत नाहीं. विसोबांनीं कुंभाराकडून खापर मिळूं दिलें नाहीं, तेव्हां ज्ञानेश्वरांनीं जठराग्नि प्रदीप्त केला आणि मुक्ताईनें त्यांच्या पाठीवर मांडे भाजले, अशी ती आख्यायिका आहे. खानदेशांत आजहि सणासुदीला उपड्या खापरावर मांडे होतात. हातांवर झेलून पातळ केलेली पुरणाची पोळी तापल्या खापरावर पडली कीं तिच्यावर तांबूस ठिपके उठतात आणि घरभर खमंग वास सुटतो. मांडा भाजला हें गृहिणीला ओळखतां येतें तें ह्या ठिपक्यांवरून आणि ह्या वासावरून.

हा खमंगपणा कोठून येतो? धान्यांतील साखर आणि प्रथिनें ह्यांचा तीव्र आंचेवर संयोग होतो आणि त्यांतून शेंकडों नवे वास व तांबूस-काळे रंग निर्माण होतात. ह्या क्रियेचें वर्णन फ्रेंच रसायनज्ञ लुई कामीय मेयार ह्यांनीं १९१२ सालीं केलें, म्हणून ती त्यांच्या नांवानें ओळखली जाते. मांड्याचे ठिपके, भाकरीचा पापुद्रा आणि भाजलेली कॉफी हीं सर्व त्याच क्रियेचीं फळें होत. युरोपांत व अमेरिकेंत आवडीनें केला जाणारा काळ्या बिअरचा चॉकलेट केक हाहि ह्याच कुळांतला आहे. मद्य आणि केक ह्यांचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचें उत्तर मद्यांत नसून भाजलेल्या धान्यांत आहे.

बिअर होते ती बहुधा जवापासून. जव भिजवून त्याला मोड आणतात, मग तो वाळवतात. ह्यालाच माल्ट म्हणतात. ही रीति मराठी घरांना परकी नाहीं. तान्ह्या मुलासाठीं नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून जें सत्त्व केलें जातें, तें नाचणीचें माल्टच होय. मोड येतांना धान्यांत अशीं द्रव्यें तयार होतात कीं जीं पिठाची साखर करतात; म्हणून असें सत्त्व गोडसर लागतें आणि पचावयास हलकें असतें. बिअर करणारा ही साखर पाण्यांत उतरवतो, कडवटपणासाठीं त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें उकळतो आणि मग यीस्ट घालून तें पाणी आंबवतो. बिअर काळी करावयाची असेल, तर कांहीं धान्य जवळजवळ कॉफीइतकें करपवून भाजतात. डॅनियल व्हीलर ह्या इंग्रजानें १८१७ सालीं त्यासाठीं फिरत्या पिंपाच्या भट्टीचें पेटंट घेतलें, आणि तेव्हांपासून स्टाउट व पोर्टर ह्या बिअरींना त्यांचा गडद रंग आणि जळकट-कडू चव बेताबेतानें देतां येऊं लागली.

आतां कोकोकडे पाहावें. कोकोच्या फळांतील बिया काढल्यावर कांहीं दिवस आंबवतात, वाळवतात आणि मग भाजतात. हॉलंडांत १८२८ सालीं व्हान हूटेन ह्यांनीं त्यांतील चरबी दाबून काढण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें आणि त्यामुळें कोकोची भुकटी घरोघर पोहोंचली. म्हणजे कोको आणि काळी बिअर हे दोन्ही पदार्थ आंबवण्याच्या व भाजण्याच्या संस्कारांतून आलेले आहेत. ते एकत्र आले म्हणजे बिअरची चव वेगळी कळून येत नाहीं. कोकोची चव मात्र अधिक खोल होते. नायजेला लॉसन ह्या इंग्रज लेखिकेनें २००४ सालच्या ‘फीस्ट’ ह्या पुस्तकांत असा केक दिल्यापासून तो विशेष लोकप्रिय झाला.

बिअरच्या फेसामुळें केक फुगतो, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. गोव्यांत सान्नां करतांना पिठांत माडाची सुर घालतात. तिच्यांतील जिवंत यीस्ट तासन्‌तास काम करून पीठ फुगवतें. बाटलींतील बिअर बहुधा गाळलेली व तापवलेली असते, आणि तिचा वायु लोण्याबरोबर गरम करतांनाच निघून जातो. केक फुगतो तो खाण्याच्या सोड्यानें. बिअर, कोको आणि दहीं ह्या तिन्हींत आंबटपणा असतो. सोड्याशीं त्याची गांठ पडली कीं कर्बवायु सुटतो. सोड्यामुळें कोकोचा रंगहि अधिक काळसर होतो. म्हणूनच सोडा घातलेलें मिश्रण ताटकळत ठेवूं नये, तें तत्काळ ओव्हनमध्यें जावें.

लहान कुटुंबापुरत्या केकसाठीं १२५ ग्रॅम लोणी १२५ मिलिलिटर काळ्या बिअरमध्यें मंद आंचेवर वितळवावें. खालीं उतरवून त्यांत ४० ग्रॅम कोको आणि १८० ग्रॅम पिठीसाखर घोटावी. कोमट झाल्यावर एक अंडें व ७० ग्रॅम घट्ट दहीं एकत्र फेटून घालावें. मिश्रण फार गरम असेल तर अंडें शिजून त्याच्या गुठळ्या होतात. शेवटीं १४० ग्रॅम मैदा आणि सव्वा चहाचा चमचा सोडा चाळून हलक्या हातानें मिसळावा. मैदा फार घोटल्यास त्यांतील चिकटपणा वाढून केक चिवट होतो. आंत कागद लावलेल्या, १८ सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यांत तो १८० अंश सेंटिग्रेडवर सुमारें ४० मिनिटें भाजावा. मधोमध खुपसलेली सळई स्वच्छ निघाली कीं केक झाला. हा केक ओलसर असतो, आणि दुसरे दिवशीं अधिक चांगला लागतो.

येथवर पाकशास्त्र झालें. परंतु मराठी घरांत ह्या केकबरोबर आणखी एक प्रश्न येतो आणि तो टाळण्याजोगा नाहीं: भाजल्यावर मद्य उडून जातें काय? सगळें जातें, असें सर्रास सांगितलें जातें. तें चूक आहे. अमेरिकेंत १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, पदार्थांत मिसळलेल्या मद्यार्कापैकीं अर्धा तास शिजवल्यावर शेंकडा ३५, तर एक तासानंतरहि शेंकडा २५ भाग उरतो. बिअरमध्यें शेंकडा ५ मद्यार्क धरला, तर वरील केकमध्यें सहा मिलिलिटर पडतो आणि भाजून सुमारें दोन उरतो; आठ तुकडे केल्यास एका तुकड्यांत पाव मिलिलिटर. त्यानें कोणास धुंदी येणार नाहीं. पण थोडें असणें म्हणजे नसणें नव्हे.

गळ्यांत तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्याला, धर्मानें मद्य वर्ज्य मानणाऱ्या पाहुण्याला, किंवा व्यसन सोडून डायसल्फिराम हें औषध घेणाऱ्या माणसाला हा पाव मिलिलिटर लहान नसतो. त्या औषधावर असणाऱ्याला तर अन्नांतील थोड्या मद्यार्कापासूनहि दूर राहण्याचा सल्ला दिला जातो. महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून मद्य बाळगण्यास परवाना लागतो, हेंहि विसरूं नये. तेव्हां असा केक पानांत वाढण्यापूर्वीं त्यांत काय आहे तें सांगणें हें यजमानाचें कर्तव्य ठरतें.

ज्यांना बिअर नको असेल, त्यांना खमंगपणाला मुकण्याचें कारण नाहीं. नाचणीचें सत्त्व चमचाभर घेऊन कोरड्या तव्यावर गडद तांबूस होईपर्यंत परतावें आणि १२५ मिलिलिटर कडक, बिनदुधाच्या कॉफींत मिसळून बिअरऐवजीं घालावें. कॉफीचा आंबटपणा कमी पडतो, म्हणून सोड्याला जोड म्हणून लिंबाचा रस एक चमचा घालावा. हुबेहूब तीच चव येणार नाहीं; पण मोडाचें धान्य, त्याला लागलेली आंच आणि कोको ह्यांची संगत तीच राहील, आणि मुक्ताईच्या यात्रेहून परतलेल्या पाहुण्यालाहि तो केक निःशंकपणें पुढें करतां येईल.