चूल चांगली, इंधन महाग

संस्थेला नवे तंत्रज्ञान लोकांपर्यंत न्यायचे असते तेव्हा माणसांची जुळवाजुळव आणि प्रकल्पाची आखणी ही दोन्ही कामे बरोबरीने चालवावी लागतात. माणसे जुळली तर वस्तू घरात शिरते. ती तिथे टिकेल की नाही, हे आखणीवर ठरते. ‘ऊर्जा’ या कमी धुराच्या चुलीच्या प्रकल्पात पहिले काम उत्तम झाले आणि दुसरे फसले.

ही चूल बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २००६ मध्ये बाजारात आणली. तंत्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे होते. शेतीतला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या तिच्यात जळत. बॅटरीवरचा छोटा पंखा हवा पुरवी, त्यामुळे कांड्यांतून निघणारा वायूही जळून जाई आणि धूर घटे.

कंपनीने चूल बंद दाराआड घडवली नाही, हे तिचे मोठे श्रेय. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला तिने भागीदार केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतील पुनर्बांधणीत या संस्थेने गावोगावच्या महिलांना उभे केले होते. चुलीच्या नमुन्यांवर ग्रामीण बायकांनी स्वयंपाक करून पाहिला, आणि पुढे ‘ज्योती’ या नावाने गावातल्याच बायका विक्रेत्या झाल्या. या भागाला ही रीत ओळखीची होती. तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननेही गावातल्याच स्त्रियांना प्राथमिक उपचार शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. बाहेरच्या माणसाला जो विश्वास मिळवायला वर्षे लागतात, तो शेजारणीकडे आधीच असतो.

चुली खपल्याही: चार लाखांहून अधिक. मात्र महाराष्ट्र आणि कर्नाटकातील ९९८ घरांच्या सर्वेक्षणात दोन अनपेक्षित गोष्टी पुढे आल्या. सर्वाधिक ओढा गॅस वापरणाऱ्या घरांचा होता; त्यांना सिलिंडरचा खर्च वाचवायचा होता. धूर आणि आरोग्याच्या प्रचाराने खरेदीच्या निर्णयावर लक्षणीय परिणाम झाला नव्हता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. चूल घेतलेल्यांपैकी सर्वेक्षणाच्या वेळी ती वापरणारे फक्त ९ टक्के उरले होते.

याचे मोठे कारण इंधनात होते. उसाची चिपाडे, शेंगांची टरफले हा ‘टाकाऊ’ माल स्वस्तात मिळत राहील, असे गृहीत धरले गेले. पण टाकाऊ मालाला गिऱ्हाईक मिळाले की त्याला भाव येतो. चिपाडे तर साखर कारखान्यांना स्वतःच्या बॉयलरसाठीच लागतात. कच्चा माल, वाहतूक आणि कारखान्याचा खर्च धरता परवडेल अशा दरात कांड्या पुरवण्याची साखळी उभी राहिली नाही. पैशाच्या बचतीसाठी घेतलेली चूल बचत संपताच कोपऱ्यात गेली. प्रयोगशाळेत चुलीची कार्यक्षमता जितक्या बारकाईने मोजली जाते, तितक्याच बारकाईने कांडीचा पाच वर्षांनंतरचा भाव आधी मांडून पाहायला हवा होता.

बीपीने २००९ मध्ये या व्यवसायातून अंग काढले. तो पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला आणि या कंपनीने पुढे हॉटेले व व्यावसायिक स्वयंपाकघरांवर भर दिला. तिथे इंधनाचा खप मोठा, आणि महाग गॅसच्या तुलनेत कांड्या परवडत. घरगुती चुलीच्या अपयशाचा दोष गावोगाव फिरलेल्या विक्रेत्या बायकांवर येत नाही. त्यांनी आपले काम चोख केले होते.