उत्सवी नाटकांना परीक्षक हवा

कार्तिक उजाडला की गोमंतकातील देवळांचे जत्रोत्सव सुरू होतात आणि गावोगावच्या मंडपांत नाटके उभी राहतात. रात्री जागून तालमी केलेले शेतकरी, शिक्षक, कारकून तोंडाला रंग लावतात आणि सारा गाव ते पाहावयास बसतो. १९०० साली मंगेशीस जन्मलेले आणि १९१८ मध्ये सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी स्थापणारे मास्टर दीनानाथ याच भूमीचे. असे असता या प्रयोगांविषयी छापून येते काय? अध्यक्षांचे नाव, नटांची यादी आणि ‘प्रयोग रंगला’ हे ठराविक वाक्य! कला अकादमीच्या स्पर्धेला निदान परीक्षक तरी असतात. जत्रेतील नाटकाला तेही नाहीत.

आमच्या मते हे कौतुक नव्हे, ही उपेक्षाच होय. ज्यातील दोष दाखविण्याचेही कष्ट आपण घेत नाही, त्याला आपण कला मानलेलेच नसते. मात्र व्यावसायिक रंगभूमीची मापे येथे लावू नयेत. परीक्षकाने मानाच्या खुर्चीवरून नव्हे, तर लोकांत बसून, शेवटचा पडदा पडेपर्यंत नाटक पाहावे. पाठांतर कोठे अडले, पदे लांबल्याने प्रसंग कोठे ढिला पडला आणि दुय्यम भूमिकेतील एखाद्या पोराने मंडप कसा स्तब्ध केला, हे स्पष्ट लिहावे. गावकरी रागावतील म्हणून गप्प बसणे सोपे आहे; परंतु त्या पोराला पुढील जत्रेत अधिक समर्थपणे उभे राहावयाचे असेल, तर टाळ्यांइतकीच त्याला खऱ्या शब्दाची गरज आहे.