शिकारी कुत्रा, उसाचा फड आणि सडक

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या चहूकडे ऊस आहे. ससा, रानडुक्कर, कधी बिबट्याही फडात दडतो आणि फडाला लागूनच सडक जाते. अशा मुलखात शिकारी कुत्रा मोकळा सोडणे ही निव्वळ हौस राहत नाही.

मुधोळ किंवा कारवानी ही इकडची नावाजलेली शिकारी कुत्री. निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट. नाकापेक्षा नजरेवर त्यांची भिस्त. भरधाव पळताना एका झेपेत त्यांचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात: एकदा पोटाखाली गोळा होऊन, एकदा पुढेमागे ताणले जाऊन. सावज नजरेत भरले की धन्याची हाक ऐकू येत नाही आणि मध्ये आलेली सडकही दिसत नाही. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. 2005 मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या मूळ कलम 17 ने कुत्र्यांच्या मदतीने शिकार करायला मनाई केली. सूट होती ती पाणपक्षी, चकोर, तितर आणि लावा यांच्यापुरती. 1991 च्या दुरुस्तीत ते कलमच गेले आणि परवान्याने शिकारीचे दिवस संपले. आज पाठलाग करणे, हाकून काढणे, नुसता प्रयत्न करणे, हे सारे कायद्याने शिकारच. कुत्रे मागे लावले आणि ससा निसटला, तरी गुन्हा घडतो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इंग्लंड-वेल्समध्ये अशी बंदी यायला 2005 साल उजाडले.

सडकेपुरते भारतीय न्याय संहितेचे कलम 291 लागू होते. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये, याची काळजी न घेणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुचाकीला आडवा आलेला कुत्रा कुणाचा, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरतो.

संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेले याच जिल्ह्यातले दाजीपूरचे जंगल 1958 मध्ये अभयारण्य झाले. शिकारीकडून संरक्षणाकडे जाणारी वाट जिल्ह्याने तेव्हाच धरली आहे. म्हणून डुकरांनी ऊस लोळवला तर कुत्री सोडू नका. वन विभागाकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. मुधोळ जरूर पाळा, पण सडकेवर साखळी हातातच ठेवा.