पत्रे कापण्याची शक्तिचालित हत्यारे
धातूचे पातळ पत्रे कापण्याची, हातात धरून वापरावयाची, विजेवर चालणारी हत्यारे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्यांत एकाच मापाचे असंख्य नग लागत असल्याने पत्रा दाबयंत्रावर साच्याने कापतात. खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी मात्र छपराचे पन्हळी पत्रे, कूलरच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या यांचे काम एकेका नगाचे व निरनिराळ्या मापांचे असते. तेथे हत्याराची निवड कारागिरालाच करावी लागते.

ही निवड पत्र्याची जाडी, कापाचा आकार व पत्र्यावरील लेप यांवर अवलंबून असते. जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढतो तशी जाडी घटते. ब्रिटिश प्रमाणानुसार १८ गेज म्हणजे सु. १·२२ मिमी. व २४ गेज म्हणजे सु. ०·५६ मिमी. होय. हत्यारावर दिलेली कमाल जाडी सामान्यतः मृदू पोलादासाठी असते. अगंज पोलादासाठी ती बरीच कमी धरावी लागते.

सपाट पत्र्यावरील सरळ कापासाठी विजेची कात्री उत्तम. दोन पात्यांच्या कात्रीने कचरा पडत नाही, परंतु एक कड मुडपते. तीन पात्यांची कात्री मधली अरुंद पट्टी काढून दोन्ही कडा सपाट ठेवते. पन्हळी पत्र्यावर कात्री अडखळते, तेथे निबलर वापरतात. त्यातील लहान ठसा वेगाने खालीवर होऊन पत्र्याचे चंद्रकोरीसारखे तुकडे पाडतो. हे तुकडे टोकदार असतात व अनवाणी पायात सहज रुततात. जिगसॉने नक्षीदार काप घेता येतो. मात्र पातळ पत्रा थरथरतो, म्हणून तो प्लायवुडवर घट्ट आवळावा लागतो.

ग्राइंडर स्वस्त असतो व वेल्डिंगचे सांधेही घासतो, त्यामुळे बहुतेक कामे त्यावरच उरकली जातात. जस्तलेपित छपरासाठी ही निवड चुकीची आहे. जस्त सु. ४२०° से.ला वितळते व सु. ९०७° से.ला उकळते, चकतीच्या घर्षणाने कडेलगतचा लेप जळतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. बंद जागेत जस्ताचा धूर श्वासावाटे गेल्यास हुडहुडी भरून ताप येऊ शकतो. १०० मिमी. व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला सु. ५८ मी. असतो, ती फुटल्यास आवरण काढून काम करणाऱ्याचा डोळा वाचणे कठीण. छपरावरच कापल्यास ठिणग्यांतील पोलादाचे कण रंगीत पत्र्यात रुततात व पावसाळ्यात तेथे तांबडे ठिपके उमटतात.