शंभरातून सात वजा

शंभरातून सात गेले, त्र्याण्णव. त्र्याण्णवातून सात गेले, शहाऐंशी. शहाऐंशीतून सात… येथे मी अडले. समोरचे डॉक्टर शांतपणे वाट पाहत होते. घाई अशी त्यांनी मुळीच केली नाही. तरीही माझ्या तळहातांना घाम सुटला. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी, बँकेतील नऊ वर्षांची सेवा, त्यातली तीन रोख विभागात. आणि शहाऐंशीतून सात वजा होईनात! ही ऑगस्ट २०२१ मधील, बेंगळुरूमधील गोष्ट.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मला आणि माझ्याकडे राहायला आलेल्या आईला एकाच आठवड्यात कोविड झाला. रुग्णालयात जाण्याची वेळ आली नाही. पाच दिवसांत ताप उतरला, तीन आठवड्यांनी मी शाखेत रुजू झाले. अंगात त्राण आले होते, परंतु नित्याची कामे परकी वाटू लागली. वर्षानुवर्षे येणाऱ्या खातेदारांचे चेहरे ओळखीचे, नावे मात्र जिभेवर येत ना येत. वाक्य सुरू केले की त्याचा शेवट हरवायचा. एका सायंकाळी ताळा जुळेना. नव्वद रुपयांचा फरक. जुन्या रोखपालांनी शिकवलेला ठोकताळा असा, की फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. शोधले तेव्हा ७,५४० च्या जागी ७,४५० सापडले. अक्षर माझेच होते. महिन्याभरात अशी तिसरी चूक. कामाचा ताण म्हणून सहकारी समजूत घालत होते. पण ताण म्हणजे काय हे मार्चअखेर पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. हे काहीतरी निराळे होते.

विषाणूजन्य तापानंतर बुद्धीवर येणारे हे मळभ आता वैद्यकशास्त्राला चांगलेच परिचित झाले आहे. इंग्लंडमध्ये एक लाख बारा हजारांहून अधिक लोकांनी दिलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोविड होऊन पूर्ण बरे झालेल्यांचे गुण, ज्यांना तो झालाच नाही अशांच्या तुलनेत, बुद्ध्यंकाच्या मापाने सुमारे तीन अंकांनी कमी भरले. ज्यांची लक्षणे रेंगाळली त्यांचे सहा, तर अतिदक्षता विभागात राहिलेल्यांचे नऊ अंकांनी. तीन अंक ही काही मोठी घट नव्हे. पण ज्याचे पोट आकड्यांवर चालते, त्याला ती जाणवते.

त्यापूर्वी मार्च २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ७८५ व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या होत्या. या सर्वांची एक चाचणी साथीपूर्वीच झालेली होती. दुसऱ्या चाचणीपर्यंत ४०१ जणांना कोविड होऊन गेला होता आणि त्यांच्या मेंदूतील गंधाशी व स्मृतीशी निगडित भागांत घट किंचित अधिक आढळली. कारणाचा एक धागा २०२४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात हाती लागला. रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत शिरू नयेत म्हणून सूक्ष्म रक्तवाहिन्यांना जे अस्तर असते, ते अशा रुग्णांत पाझरू लागते, असे तेथे दिसून आले. थोडक्यात, विषाणूने स्वतः मेंदूत ठाण मांडावे लागत नाही. शरीराने त्याच्याशी केलेल्या झुंजीचा दाहच पुरेसा होतो.

काही विषाणू मात्र थेट मेंदूवरच चाल करून जातात आणि त्यांची ओळख बेंगळुरूच्या परिसराला फार जुनी आहे. येथून जेमतेम दोन तासांवरील कोलार जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी मेंदूज्वराने थैमान घातले होते. भातखाचरांतल्या डासांपासून होणारा हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, मेंदूदाह झालेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांना कायमचे अपंगत्व वा मानसिक दोष राहू शकतो. १९७४ साली दोन संस्थांच्या विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या निम्हान्सने, म्हणजे होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, या रोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला.

माझे गणित हळूहळू सुधारले. डॉक्टरांनी औषधाची यादी दिली नाही. पुरेशी झोप, रोजचे चालणे, एका वेळी एकच काम आणि सर्व काही लिहून ठेवणे, एवढेच त्यांनी सांगितले. मी खिशात वही बाळगू लागले. सहा महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा पासष्टपर्यंत न अडखळता पोहोचले.

आईचे तसे झाले नाही. ती तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. आधणात चहाची पूड दोनदा पडू लागली, मिरजेच्या घराच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या. ती हसून सोडून देई. माझ्या पोटात मात्र गोळा येई. कारण तिची आई, माझी आजी, शेवटची सात वर्षे आम्हा कोणालाच ओळखत नव्हती. आता कोविडने वाट मोकळी करून दिली का, आणि तीच वाट पुढे माझ्यापर्यंत येते का, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. पुण्याच्या भावाने तर थेट सुचवले, की तिघांचीही लाळ तपासणीला पाठवून जनुकाचा सोक्षमोक्ष लावून टाकावा.

ते जनुक म्हणजे एपीओई. शरीरातील स्निग्ध पदार्थांची ने-आण करणारे प्रथिन त्याच्या सूचनेबरहुकूम बनते. त्याचे दोन, तीन आणि चार असे मुख्य प्रकार. प्रत्येकाला एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून मिळते. चौथ्या प्रकाराचा अल्झायमरशी असलेला संबंध अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९३ साली उजेडात आला. त्याची एक प्रत असेल तर धोका सुमारे तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा हिशेब मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांवरून मांडलेला आहे, हे लक्षात ठेवावे. साथीच्या पहिल्याच वर्षी ब्रिटनमधील माहितीवरून असेही दिसले, की दोन्ही प्रती चौथ्या प्रकारच्या असणाऱ्यांना तीव्र कोविडचा धोका दुपटीहून अधिक होता. त्याच वर्षी ह्यूगो झेबर्ग आणि स्वांटे पाबो यांनी तिसऱ्या गुणसूत्रावरील एक धोक्याचा तुकडा थेट निअँडर्थल मानवापर्यंत नेऊन पोहोचवला. दक्षिण आशियात निम्म्या लोकांत तो आढळतो, युरोपात सुमारे सोळा टक्क्यांत. वारसा म्हटले की आपण घरदार, शेतजमीन आणि मुदत ठेवी मोजतो. हा वारसा मृत्युपत्राशिवाय येतो.

मात्र जोखीम म्हणजे निदान नव्हे. कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही जोखीम मोजतो, म्हणून काही ते खाते बुडीत ठरत नाही! चौथ्या प्रकाराच्या दोन प्रती असूनही अखेरपर्यंत तल्लख राहिलेली माणसे आहेत, आणि एकही प्रत नसताना स्मृतिभ्रंश झालेलीही आहेत. डॉक्टरांनी आणखी एक बाजू दाखवली. आईचा अहवाल तिच्यापुरता राहणार नव्हता. त्यावरून आम्हा भावंडांविषयीही अंदाज बांधता आला असता, मग आम्हाला तो हवा असो वा नसो. अमेरिकेत जनुकीय माहितीवरून आरोग्यविम्यात वा नोकरीत भेदभाव करण्यास २००८ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र जनुकीय व्याधी विम्यातून सरसकट वगळणे भेदभावाचे आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला.

आईला सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, "माझ्या आईकडून पाटल्या आल्या, लोणच्याचा हात आला. आणखी काय आलंय ते लाळेत कशाला शोधायचं? तुला हवं तर तुझी कर." मी केली नाही. भावाने केली, अहवाल काय आला, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारलेले नाही.

भारतीयांचा हिशेब भारतीयांवरूनच मांडायला हवा, या जाणिवेने या शहरात मोठे काम चालले आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलारच्या श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळीस वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याचे योजले आहे. त्यांची स्मरणशक्ती, रक्त, जनुके, मेंदूच्या प्रतिमा, सर्व त्यात येते. याच केंद्राच्या समन्वयाखाली वीस संस्थांनी दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली.

आणखी एक अभ्यास मला व्यक्तिशः सुखावून गेला. आता निम्हान्समध्ये असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी पूर्वी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाली होती. निरक्षरांतही हाच फरक दिसला. आईला हे सांगितल्यापासून भाजीवालीशी तिचे कन्नड जोरात चालते. एकोणऐंशी हा आकडा मराठीत ऐंशीला एक कमी करून सांगावा लागतो, कन्नडमध्ये सत्तर आणि नऊ असा सरळ येतो, हे तिचेच निरीक्षण. मी शहाऐंशीपाशी का अडकले असेन, याचे उत्तर तिला त्यात सापडले आहे!

आता जरा काउंटरच्या अलीकडून. आईवडिलांचे विस्मरण वाढले की मुले मुखत्यारपत्र घेऊन शाखेत येतात. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक भान सुटले की ते संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्याच दिवशी. नामनिर्देशनाचाही येथे उपयोग नाही. नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, पण नामनिर्देशिताचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. भान गेल्यावर कुटुंबीयांना पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. तेव्हा स्मृती शाबूत असतानाच विश्वासातील व्यक्तीसह संयुक्त खाते करून 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात' ही सोय घ्यावी. हे सांगताना समोरच्या वृद्ध खातेदाराचा चेहरा उतरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. संशय मुलावर नसतो. सही आता आपली एकट्याची राहिली नाही, हे खुपते.

म्हणून आईचा अर्ज मी घरीच आणला. दुपारचे जेवण झाल्यावर तिने चष्मा लावला, प्रत्येक ओळ वाचली, दोन ठिकाणी शंका विचारल्या आणि पासबुकावरच्यासारखीच वळणदार सही केली. मग तारखेच्या रकान्याशी पेन थांबले. "आज तारीख किती गं?" तिने विचारले. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि आम्ही दोघींनीही भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले.