मेल्यावर गेम काय मागतो

मुस्तफाची शेवटची लाइफ गेली की पडद्यावर उलटे आकडे सुरू व्हायचे. नऊ, आठ, सात... मागे उभी असलेली पोरं ओरडायची, "टाक, टाक, कॉईन टाक!" नव्वदच्या दशकात गेम पार्लरमध्ये वाढलेल्या अनेकांना या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असल्याचं फार उशिरा कळलं. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला हा गेम आपल्याकडे त्यातल्या मुस्तफा या पात्राच्या नावानंच चालला.

ते आकडे मी आजही जुने गेम लावून नीट पाहतो. खिशात हात घालून नाणं काढायला तेवढा वेळ पुरतो, विचार करायला पुरत नाही. नाणं पडलं की गडी मेला तिथंच पुन्हा उभा राहतो आणि बॉसची आधी कमी केलेली ताकद कमीच राहते. तुमची मेहनत शाबूत असल्याचं डोळ्यांना दिसत असतं, म्हणून हात खिशाकडे जातो. पहिल्या स्टेजपासून सुरू करायला लावलं असतं, तर दुसरं नाणं कितीजणांनी टाकलं असतं? बऱ्याच आर्केड यंत्रांच्या आत छोटे स्विच असत. गेम किती अवघड ठेवायचा, किती नाण्यांत किती खेळू द्यायचं, हे मालक त्यावर ठरवी. खेळणारा किती लवकर मरतो यावर गल्ला अवलंबून होता.

घरच्या टीव्हीला जोडायच्या गेमना नाण्याचं भोक नव्हतं, पण मोजक्या लाइफ देण्याची सवय तशीच राहिली. 'कॉन्ट्रा' घ्या. एक गोळी लागली की गडी मागे उलटा उडतो आणि आडवा होतो. क्षणभरात दुसरा वरून टपकतो आणि थोडा वेळ लुकलुकत राहतो. तो लुकलुकतोय तोवर गोळी लागत नाही. इथपर्यंत ठीक. पण हातातली 'एस' बंदूक गेलेली असते. पंख्यासारख्या पसरणाऱ्या गोळ्या जाऊन साधी बंदूक उरते, आणि समोरचा शत्रू मात्र तोच असतो. म्हणजे एका मरणानं पुढचं मरण आणखी जवळ येतं. लाइफचा आकडा एकानं घटतो तो नावाला, खरी शिक्षा बंदुकीची असते. जो अडखळलाय त्यालाच आणखी दुबळं करायची ही पद्धत मला कधीच पटली नाही.

'कॉन्ट्रा' काढणाऱ्या कोनामी या कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांना हे बहुधा कुणाहीपेक्षा आधी जाणवलं असावं. 'ग्रेडियस' हा आर्केड गेम १९८६ मध्ये घरच्या यंत्रावर आणताना तपासणीसाठी तो पुरता खेळणं त्यांनाच जड जात होतं. म्हणून त्यांनी खेळ सोपा करणारा बटणांचा एक क्रम आत घालून ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हाच क्रम पुढे 'कॉन्ट्रा'त तीन लाइफच्या तीस करून द्यायचा. गेम बनवणाऱ्याला स्वतःला जेवढ्या संधी लागतात, तेवढ्या खेळणाऱ्याला का मिळू नयेत, हा प्रश्न त्या क्रमातच होता.

त्याचं उत्तर यायला बरीच वर्षं गेली. २०१८ चा 'सेलेस्ट' हा त्या उत्तराचा मला सर्वांत आवडणारा नमुना. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते आणि सतत मरते. काट्यांवर आदळली की तिचे गोळे होऊन उडतात आणि सुमारे सेकंदाभरात ती त्याच खोलीच्या तोंडाशी उभी असते. लाइफ मोजत नाहीत, 'गेम ओव्हर' येत नाही. आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी अशी आहे: संगीत थांबत नाही. 'मारिओ' मेला की गाणं तुटतं, मरणाची ती छोटी धून वाजते आणि पडदा काळा होतो. 'सेलेस्ट'मध्ये गाणं चालूच राहतं, त्यामुळे अंगठाही त्याच लयीत राहतो. उडीचं माप अंगठ्याच्या लक्षात फार थोडा वेळ टिकतं. मध्ये खंड पडला की ते पुसट होतं आणि पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधावा लागतो. वेळ वाचवण्यापेक्षाही ते माप वाचवणं मोलाचं आहे.

हा गेम आतून आणखी एक सवलत देतो, ती सहज दिसत नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत दाबलेली उडी मान्य होते. काट्यांपासून दूर जाताना काटे स्पर्शले तरी मारत नाहीत. म्हणून जेव्हा मरण येतं तेव्हा चूक आपलीच होती असं मनापासून वाटतं. गेम मरणं मोजतो आणि शेवटी आकडा दाखवतो, पण तो अभिमानानं मिरवावा म्हणून.

मग मरण स्वस्त असलं की गेम चांगला, असं म्हणावं का? 'डार्क सोल्स' (२०११) माझं तोंड बंद करतो. तिथं मेलात की शेकोटीपाशी परत, मारलेले बहुतेक सगळे शत्रू पुन्हा जिवंत आणि साठवलेले सोल्स, म्हणजे तिथली कमाई, मेलेल्या जागी पडून. ते उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे गेले. महाग आहे, पण मागणी स्वच्छ आहे: रस्ता नीट बघ, घाई करू नकोस. त्या परतीच्या वाटेवर मी प्रत्येक कोपरा पाठ केला, आणि मला दुसऱ्या कुठल्याच गेममधल्या वाटा इतक्या आठवत नाहीत. 'हेडीस' (२०२०) वेगळंच मागतो. तिथं मेलेला नायक झॅग्रेयस रक्ताच्या कुंडातून बापाच्या महालात बाहेर येतो आणि वाड्यातली माणसं त्याच्याशी पुढचं बोलतात. गोष्ट पुढे सरकायला मरावंच लागतं. चालू केला तर त्यात 'गॉड मोड'ही आहे. सुरुवातीला मार वीस टक्के कमी लागतो आणि प्रत्येक मरणागणिक आणखी दोन टक्के कमी. 'कॉन्ट्रा'च्या बरोबर उलट: पडणाऱ्याला बळ.

आणि हे सगळं शिकणं चालू असतानाच मोबाईलवर नाण्याचं भोक परत आलं. 'सबवे सर्फर्स'मध्ये पकडले गेलात की पुढे पळण्यासाठी चावी द्यायची. त्याच फेरीत पुन्हा पकडले गेलात तर दोन, मग चार, मग आठ. चाव्या खऱ्या पैशांनी विकत मिळतात. 'कँडी क्रश'मध्ये पाच लाइफ संपल्या की एक परत यायला अर्धा तास, नाहीतर पैसे. पार्लरमध्ये निदान नाणं हातातून सुटताना जाणवायचं, पोराचा खिसा रिकामा झाला की खेळ आपोआप थांबायचा. घरच्या फोनला वडिलांचं खातं जोडलेलं असतं, त्याला असा तळ नाही.

घरात मूल मोबाईलवर खेळत असेल तर ते किती वेळ खेळतं एवढंच मोजू नका. शेजारी बसा आणि गेममध्ये ते मरतं तेव्हा पडद्यावर पुढे काय येतं ते बघा. गेम पुन्हा नीट प्रयत्न करायला बोलावत असेल तर खेळू द्या. पैसे किंवा जाहिरात मागत असेल तर तो गेम काढून टाका आणि त्याच्या जागी दुसरा चांगला गेम द्या.